नैराश्यासाठी समुपदेशकाकडे जायचे म्हणजे आपल्या भागात नेमके कसे जायचे?

गोदाकाठ

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. माजलगाव भागातल्या आमच्या गावी त्याचे कृषी सेवा केंद्र आहे आणि जोडीला सहा एकर जमीन आहे. मी लग्नानंतर परभणीला असते. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा दुकानाचे शटर अर्धेच वर घेतलेले होते आणि तो काउंटरमागे उधारीची वही उघडून बसला होता. मी चहा ठेवून आले. तासाभराने कप उचलायला गेले, तर वहीचे तेच पान उघडे होते आणि चहावर साय धरली होती. फोन वाजला की तो पालथा करून ठेवत होता.

आई म्हणते, "त्याला बाहेरचं झालंय." दोनदा देवऋष्याकडे नेऊन झाले. नाना म्हणतात, सोयाबीनला भाव आला की पोरगा आपोआप उठेल. भावजय रात्री फोन करून इतकेच सांगते, "ताई, हे पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात आणि उजाडेपर्यंत उठत नाहीत." स्वतः तो विचारल्यावर म्हणतो, "काही नाही गं, कशातच ध्यान लागंना गेलंय." हे सगळे तीन महिन्यांपासून चालू आहे.

मला असे वाटते की त्याला समुपदेशनाची गरज आहे. पण कोणाकडे जायचे, तिथे नेमके काय करतात, तो तयार नसेल तर कसे न्यायचे आणि गावात बोभाटा होणार नाही याची काळजी कशी घ्यायची, यांतले मला काहीच माहीत नाही. ज्यांनी हे स्वतः किंवा घरच्यांसाठी केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तेरणामाई

ताई, तुम्ही विचारलेत हेच फार बरे केलेत. तीन महिने हा थोडा काळ नाही, आता थांबू नका.

बालाघाट

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. २०१९ साली मी स्वतः चौदा वेळा समुपदेशनाला गेलो होतो, म्हणून "तिथे नेमके काय करतात" या एकाच प्रश्नाबद्दल लिहितो.

माझी समजूत अशी होती की समोरची व्यक्ती माझे बालपण उकरून काढेल किंवा मला उपदेश करेल. प्रत्यक्षात त्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारले, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ते सांगा." माझा सगळा दिवस तीन वाक्यांत संपला आणि तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की मी दिवसभर काहीच करत नाही. त्यांनी एक आखलेला कागद दिला. त्यात तासातासाची घरे होती. प्रत्येक घरात काय केले ते लिहायचे आणि त्या वेळी मन किती उदास होते, याला दहापैकी गुण द्यायचे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एकच काम सांगितले : सकाळचे दूध मुलाने न आणता मी चालत जाऊन आणायचे. मला त्या वेळी तो अपमान वाटला होता, कारण एवढ्या मोठ्या दुखण्यावर कोणी दुधाची पिशवी हा उपाय सांगेल, असे मला वाटले नव्हते. पण कागदावर त्या तासाचा उदासपणा नऊवरून सातवर आला, तो माझ्याच अक्षरात लिहिलेला होता आणि माझ्या अक्षराशी मला भांडता येईना. नैराश्यात माणूस बरे वाटण्याची वाट बघत बसतो आणि बसल्यामुळे अधिक खचतो. म्हणून आधी हालचाल आणि मग मन, असा उलटा क्रम त्यात लावतात.

विचारांचे काम नंतर सुरू झाले. "मी शिक्षक म्हणून वाया गेलो" हे वाक्य लिहून त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे. ही पद्धत अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केली. तिच्याच जवळची अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची पद्धत मराठीत 'विवेकनिष्ठ' या नावाने ओळखली जाते आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसापर्यंत पोचली. एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते. माझ्या बाबतीत पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत मला काही फरक पडतोय असे वाटत नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण अनेक जण दुसऱ्या बैठकीनंतर सोडून देतात.

रुग्णसेवक

मी एका शासकीय रुग्णालयात काम करतो. कोणाकडे जायचे याबद्दल गोंधळ असतो, तो थोडा सोडवतो.

मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रात एम.ए. नंतर विशेष प्रशिक्षण घेतलेले आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले असतात. चाचण्या आणि मानसोपचाराच्या बैठका ते घेतात. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे लावतात, त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी स्पष्ट विचारावी. विचारल्याचा राग आला तर तिथून उठावे.

ताई, तुमच्या भावाची झोप पहाटे मोडते, तीन महिने झाले आहेत आणि कामही थांबले आहे. अशा वेळी मी आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा असे म्हणेन. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे जवळपास रोज असेल, सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता बिघडलेली असेल, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. थायरॉइड, रक्तातले हिमोग्लोबिन, बी-१२ हेही बघतात, कारण त्यांच्यामुळेही माणूस असाच गळून जातो. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. इतर वाचकांसाठी सांगतो की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी इथेही शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार मिळतात. केस पेपर काढून सरळ बाह्यरुग्ण विभागात जाता येते.

जाण्याआधी बोलायचे असेल तर टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही तिथे फोन करून सल्ला घेतला तर चालतो.

पारावरचा

मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे, ते राग न धरता वाचावे.

आमच्या भागातले दुःख हे बहुतांशी पाण्याचे, भावाचे आणि कर्जाचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घराघरांत जी माणसे मान खाली घालून बसली होती, ती सगळी आजारी होती का? ज्याचे सोयाबीन मातीमोल गेले त्याला बोलावून "तुमचे विचार तपासा" म्हणणे मला पटत नाही. पूर्वी पारावर बसणारा माणूस, सप्ताहात शेजारी उभा राहून टाळ धरणारा माणूस हाच आधार होता. तो आधार तुटला आणि त्याच्या जागी आपण पैसे देऊन ऐकणारा माणूस आणतो आहोत, असे मला वाटते.

कापूसवेचणी

पारावरचा सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. मी अकरा वर्षांची असताना माझे वडील स्वतःहून आम्हाला सोडून गेले. कर्ज होते, हे खरे आहे. पण त्याच भावकीत तेवढेच कर्ज असलेले माझे दोन चुलते आजही शेती करतात. माझ्या वडिलांनी शेवटचे चार महिने जेवण तोडले होते, ते कोणाशी नजर मिळवत नव्हते आणि बैलांना हात लावत नव्हते. हे सगळ्यांनी पाहिले होते. सप्ताहही त्याच महिन्यात झाला आणि ते मंडपात शेवटच्या रांगेत बसून होते.

भाव मिळायलाच हवा, त्यासाठी भांडायलाही हवे. पण तो मिळेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा आणि त्यासाठी उपचार लागतात. शासनानेही हे मान्य करूनच २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भाच्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आखला, त्यात आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची आणि १०४ या क्रमांकावर समुपदेशन द्यायचे, अशी रचना केली. आमच्या घरी त्या काळी कोणी असे विचारायला आले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

पारावरचा

ताई, तुमचे वाचून मी बराच वेळ थांबलो. शेवटच्या रांगेत बसलेला माणूस आम्हा लोकांना दिसतो, पण आम्ही त्याला "या माउली" म्हणून पुढे जातो, हे खरे आहे. पाराचा आधार पुरतो असे मी लिहिले, ते मागे घेतो. पार राहावा, एवढे मात्र अजूनही म्हणेन.

औसेकर_जुना

थोडे विषयाच्या कडेला जाऊन लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या आदल्या दिवशी गणपती विसर्जन होते. आमचे गाव वाचले, पण माझ्या आईचे माहेर गेले. त्यानंतर सहा वर्षे आई छपराखाली झोपली नाही. पावसाळ्यातही ओसरीच्या कडेला, एक पाय अंगणात ठेवून पडायची. लोक घरे बांधून द्यायला आले, धान्य घेऊन आले आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण आईच्या त्या एका पायाबद्दल कोणी विचारले नाही आणि आम्हा मुलांनाही ते विचारण्यासारखे काही आहे, हे कळले नाही. ती म्हणायची, "काळजात कालवतंय," आणि आम्ही तिला सोडा-लिंबू द्यायचो.

पिंपळपान

औसेकर काका, तुमच्या "काळजात कालवतंय" वरून भाषेचा मुद्दा आठवला. नैराश्य हा शब्द आपल्या घरांत कोणी वापरत नाही. आपल्याकडे डोके जड पडते, अंग गळून जाते, करमत नाही, जीव घाबरतो. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा ज्या समुपदेशक बाईंकडे गेले, त्यांना मी म्हणाले, "आंगात त्राणच नाही, बाळ रडलं तरी हात उचलत नाही." त्या म्हणाल्या, "बाळाकडे बघा, कितीतरी बायकांना मूलच होत नाही." मी काय बोलले ते त्यांनी बाहेर सासूबाईंनाही सांगितले. मी पुढचे चार महिने कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याने नेले, तेव्हा तिथल्या मॅडमनी माझेच शब्द धरून विचारले, "हात उचलत नाही तेव्हा मनात काय येतं?" मला तिथे रडू आले आणि ते चालणार होते. म्हणून सगळ्यांना सांगते, एकाकडे जमले नाही तर उपचारच चुकीचे आहेत असे समजू नका, माणूस बदला. आणि तुमचे बोलणे गुप्त राहणे हा तुमचा हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तो लिहिलेला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ते तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगता येत नाही. याच कायद्यामुळे आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे लागते.

सीमोल्लंघन

भावाला कसे न्यायचे, याबद्दल : "तुला डिप्रेशन आहे" असे म्हणू नका. त्याची झोप मोडते, हे त्यालाही मान्य आहे, तर झोपेसाठी दाखवू म्हणा. मी माझ्या वडिलांना असेच नेले.

मु_पो_केज

सीमोल्लंघन, झोपेपासून सुरुवात करणे योग्य आहे, पण डॉक्टर कोण आहेत हे लपवू नये. आमच्या मामांना रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे जातोय असे सांगून नेले. दारावरची पाटी त्यांनी वाचली, काही न बोलता परत जाऊन जीपमध्ये बसले आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांनी आमच्यापैकी कोणाबरोबर कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. "झोप मोडते, जीव रमत नाही, त्यासाठी मनाच्या डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येते आणि बाहेर बसते," एवढे खरे सांगावे. सोबत कोणीतरी येतेय, याने फार फरक पडतो.

बोभाट्याचे म्हणाल, तर अंबाजोगाईच्या रांगेत मला आमच्याच गावचे दोघे भेटले. तिघांनीही एकमेकांना ओळख दिली, चहा घेतला आणि गावात आजपर्यंत कोणी काही बोललेले नाही.

औषधीवाला

ताई, डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या तर घरात एक वाक्य हमखास येईल : "सवय लागेल." मी रोज काउंटरवर हे ऐकतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या या वेगळ्या आहेत. सवय लागण्याची भीती प्रामुख्याने झोपेच्या काही गोळ्यांबद्दल खरी आहे, म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांपुरत्या देतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. बेचैनी फार वाढली तर डॉक्टरांना लगेच कळवावे. बरे वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून आणि दुसऱ्या महिन्यात "बरा झालो" म्हणून पाकीट परत आणून देणारी माणसे बघितली की जीव तुटतो.

रुग्णसेवक

गोदाकाठ ताई, एक गोष्ट आधीच्या प्रतिसादात लिहायला हवी होती. भावाने मरणाबद्दल, "मी नसतो तर बरं" अशा अर्थाचे काही बोलले आहे का? नसेल बोलला तरी त्याला एकांतात आणि स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला मोकळे वाटते. दुसरे म्हणजे त्याचे दुकान फवारणीच्या औषधांचे आहे. तो बरा होईपर्यंत त्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे असली पाहिजे आणि पहाटे तो एकटा नसला पाहिजे. त्याचे उत्तर हो असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा.

गोदाकाठ

सर, तुमचे वाचून माझे हातपाय गार पडले. मी आजच निघते आहे.

आखाड्यावरून

मी हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी आहे. दर पंधरा दिवसांनी एवढ्या लांब जाणे जमत नाही, म्हणून पहिल्या तीन भेटींनंतर माझे समुपदेशन फोनवर चालू आहे. घरात दहा माणसे, तिथे बोलता येत नाही. मी शेतातल्या आखाड्यावर जातो, मोटारीच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसतो, तिथे रेंज येते. सालगड्याला माहीत आहे की गुरुवारी चार ते पाच मला हाक मारायची नाही. लांब राहणाऱ्यांनी पहिल्या भेटीतच फोनचे विचारून घ्यावे.

बालाघाट

तज्ज्ञ कमी आणि गावे जास्त, या अडचणीवर गोव्यात झालेले काम वाचण्यासारखे आहे. तिथे 'संगथ' या संस्थेने पदवीधर नसलेल्या स्थानिक माणसांनाही प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन चालवले, त्याने नैराश्य उतरते हे नीट तपासले आणि ते २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा गाभा माझ्या दुधाच्या पिशवीसारखाच होता : एकेक काम पुन्हा हाती घ्यायचे. असे कोणी आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात बसले, तर आखाड्यावर रेंज शोधावी लागणार नाही. इथे लातूरला शिकवणीसाठी आलेली सतरा वर्षांची मुले खोलीत एकटी राहतात. त्यांच्यासाठी तर हे आजच हवे आहे.

गोदाकाठ

सोळा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

त्या रात्री मी माहेरी पोचले. पहाटे तीनला ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि रुग्णसेवक सरांनी लिहिले होते तसे सरळ विचारले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "येतं मनात. करत नाही, पण येतं." मी रडले नाही, हे मला अजून खरे वाटत नाही. फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली सकाळ होण्याआधीच मी चुलतभावाकडे दिली आणि उजाडल्यावर आम्ही अंबाजोगाईला गेलो. मनाच्या डॉक्टरांकडे जातोय हे मी त्याला सांगितले होते. तो इतकेच म्हणाला, "तू बाहेर बसशील ना?"

आत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रक्त तपासले, पहाटे कोणी ना कोणी सोबत राहील हे माझ्याकडून कबूल करून घेतले आणि आठवड्याने समुपदेशनाची बैठक दिली. परत येताना एसटी स्टँडवर चहा घेताना तो आपणहून बोलला. जूनमध्ये त्याने उधारीवर दिलेले बियाणे काही जणांच्या रानात उगवले नव्हते आणि त्यांना दुबार पेरणी करावी लागली होती. कंपनीने हात वर केले. गावातले कोणी त्याला बोलले नाही, पण एक म्हातारे गृहस्थ रोज दुकानात बसायला यायचे, ते यायचे बंद झाले. वहीचे ते पान त्यांचे होते.

आम्ही सगळे सोयाबीनच्या भावाचा आणि बाहेरच्या बाधेचा विचार करत होतो. हे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते.

बालाघाट सर, त्यालाही तासातासांचा कागद मिळाला आहे. तो उधारीच्या वहीतच ठेवतो. पहिल्या दिवशी जवळपास सगळी घरे कोरी होती. काल भावजयीने सांगितले की एका घरात "सहा ते सात, गोठा झाडला" असे लिहिले आहे. झोप अजून मोडतेच, पण भावजय आता त्याच्यासोबत उठते.

नानांना काय सांगायचे याची मला धास्ती होती. त्यांनी विचारले तेव्हा भाऊच म्हणाला, "झोपेसाठी अंबाजोगाईला जातोय, दर मंगळवारी जावं लागेल." नाना काही वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मंगळवारी दुकान आपण उघडू म्हणून सांगितले आणि शटरची किल्ली मागून घेतली.